चाळीस खिडक्यांचा पुठ्ठा

पंजाबरावांनी पुडीचा दोरा दातानं तोडला, फुटाणे ताटलीत ओतले आणि कागदाचा बोळा करायला मूठ आवळली, तेवढ्यात त्यांना त्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. खुणा त्यांच्याच हातच्या होत्या. बरोबरच्या खुणेची शेपटी वर नेताना ती जराशी मुरडायची त्यांची सवय केनवडच्या शाळेतली पहिलीची पोरंसुद्धा ओळखून होती.

त्यांनी कागद मांडीवर ताणून सरळ केला. मे महिन्यात वाशीमच्या एका शिक्षण संस्थेनं आपल्या नव्या शाळांसाठी शिक्षक निवडायची परीक्षा घेतली होती, तिची ही उत्तरपत्रिका. चाळीस प्रश्नांचे आकडे एकाखाली एक, प्रत्येकापुढं अ, ब, क, ड ही चार अक्षरं, आणि उमेदवारानं बरोबर अक्षराभोवती गोल करायचा. वर नाव होतं, अंजना इंद्रभान इंगोले. केंद्र अनसिंग. कोपऱ्यात लाल आकड्यात गुण होते, बारा.

"कुठचा हाय कागद?" त्यांच्या बायकोनं, लिलाबाईंनी, चुलीपुढून विचारलं.

"अनसिंगचा."

"मंग दम दहावर," असं म्हणून लिलाबाई हसल्या.

पंजाबरावही हसणार होते, कारण ही थट्टा मुळात त्यांचीच. पण मास्तरचे डोळे गप्प बसत नाहीत. परीक्षेचे प्रश्न त्यांनीच काढले होते आणि उत्तरं त्यांना तोंडपाठ होती. पहिल्या दहाही प्रश्नांवर लाल खूण होती. अकरावा प्रश्न पैनगंगा कोणत्या नदीला मिळते हा. उत्तर क. पोरीनं गोल क लाच केला होता, पण त्यावर खूण नव्हती. बाराव्याचं उत्तर ब, गोलही ब ला, तिथंही खूण नाही. बाविसाव्यावर मात्र झोकात मुरडलेली खूण होती आणि ते उत्तर साफ चुकीचं होतं.

त्यांनी फुटाण्याची ताटली बाजूला सारली आणि कॅलेंडरशेजारच्या खिळ्यावरून पुठ्ठा काढला.

हा पुठ्ठा म्हणजे पंजाबरावांचा अभिमान. चारशे बारा उत्तरपत्रिका एकट्यानं तपासायच्या म्हटल्यावर त्यांनी डोकं चालवलं होतं. हजेरीपटाचा जाड पुठ्ठा उत्तरपत्रिकेच्या मापानं कापला, बरोबर उत्तर जिथं येतं नेमक्या तिथं चांभाराकडून भोकं पाडून घेतली. अशी चाळीस भोकं. त्यांना ते खिडक्या म्हणत. पुठ्ठा कागदावर ठेवायचा, खिडकीत गोल दिसला की खूण करायची, नाही दिसला की पुढं जायचं. प्रश्न वाचायला नको, उत्तर आठवायला नको. दुसऱ्या दिवशी तर ते एकीकडं रेडिओ ऐकत आणि दुसरीकडं हात चालत राहायचा. आठ दिवसांचं काम त्यांनी दोन दिवसांत उरकलं. संस्थेच्या सचिवांनी शाल-नारळ दिलं, चार लोकांत म्हणाले, मास्तरनं तर यंत्रच काढलं. त्या दिवसापासून पुठ्ठा भिंतीवर होता. आल्यागेल्याला तो दाखवायचं काम लिलाबाईंकडं होतं आणि त्याचा त्यांना कंटाळा नव्हता.

त्यांनी पुठ्ठा पुडीच्या कागदावर ठेवला. वरच्या कडा जुळवल्या. पहिली खिडकी, दुसरी, तिसरी, सगळीकडं गोल मधोमध बसला होता. सातव्या-आठव्याशी गोल वर सरकायला लागला. दहाव्या खिडकीत त्याची नुसती खालची कड दिसली. अकराव्यात दोन ओळींमधला कोरा कागद होता. आणि सगळ्यात खाली पुठ्ठा कागदाबाहेर आला होता, चांगला बोटभर.

तेव्हा कुठं त्यांना आठवलं. परीक्षेच्या वेळी कागदाची टंचाई होती. छापलेले कागद कमी पडले म्हणून अनसिंग केंद्रापुरत्या उत्तरपत्रिका ऐनवेळी दुसऱ्या छापखान्यातून काढून आणल्या होत्या. तिथं कागद आखूड मिळाला, मग छापणाऱ्यानं ओळी थोड्या जवळजवळ घेतल्या. त्याचं काही चुकलं नव्हतं. चाळीसच्या चाळीस प्रश्न त्यानं बसवून दाखवले होते.

पंजाबरावांनी पुठ्ठा उचलून ठेवला आणि बोट लावून एकेक उत्तर पाहिलं. चौतीस बरोबर. पुन्हा मोजलं, तरी चौतीसच. संस्थेनं घेतलेल्या शेवटच्या उमेदवाराला एकोणतीस होते.

अनसिंगचे सगळेच्या सगळे अठ्ठावीस उमेदवार नापास झाले होते. कुणाला अकरा, कुणाला तेरा. आणि सगळ्यांची पहिली दहा उत्तरं बहुतेक बरोबर. तेव्हा त्यांना त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट शाल घेतली त्याच दिवशी चहा पिताना ते म्हणाले होते, "अनसिंगवाल्यायचं भारी हाय, यायचा दम दहावरच उखडते." सगळे खो खो हसले. थट्टा चांगली जमली होती, म्हणून ती मास्तरांच्या बैठकीत गेली, तिथून बाजारात आणि तिथून एसटीत. दिवाळीपर्यंत तिला पंजाबरावांची गरजच उरली नाही.

"काय झालं वो? फुटाणे खवट हायेत काय?" लिलाबाईंनी विचारलं.

"नाही," पंजाबराव म्हणाले. त्या दिवशी त्यांनी फुटाणे खाल्ले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते फुटाण्याच्या दुकानात जाऊन आले. रद्दीच्या त्या गठ्ठ्यातला एकही कागद उरला नव्हता. मग रजा टाकून वाशीमला सचिवांकडं गेले. सचिवांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पुडीचा कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि परत दिला.

"मास्तर, पोस्टा भरल्या. लोकं रुजू होऊन सा महिने झाले. पेपर रद्दीत गेले. आता काय त्यायले घरी पाठवू? अन् गावात काय तोंड दाखवू?"

"पन चूक आपली हाय, साहेब."

"आपली?" सचिवांनी चष्मा काढला. "शाल कोन घेतली? हे पाहा, तुमी तोंडी बोलले, मी विसरून गेलो. बात खतम. पन लेखी काही देऊ नका कोनाले. लेखी गेलं का मंग माह्या हातात राहत नाही. तुमची नोकरीबी हाय न जिल्हा परिषदेची?"

पंजाबरावांनी मान हलवली. जिना उतरताना त्यांना हलकं वाटलं आणि त्या हलकेपणाचीच लाज वाटली. रविवारपर्यंत ती लाज काही उतरेना. शेवटी रविवारी सकाळी त्यांनी पिशवीत पुठ्ठा घातला, पुडीचा कागद घडी करून आतल्या खिशात ठेवला आणि वाशीमवरून अनसिंगची गाडी धरली. जाऊन काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. पोरीला भेटावं, धीर द्यावा, पुढच्या परीक्षेला बसायला सांगावं, एवढं पुरे होईल असं त्यांना मेडशिंगीच्या झाडाखाली, अनसिंगच्या थांब्यावर उतरताना वाटत होतं.

इंद्रभान इंगोल्यांचं घर विहाराच्या मागं होतं. अंगणात कापसाचा ढीग पडला होता आणि एक विशीतली मुलगी त्यातली वाळक्या पानांची पत्ती वेचत बसली होती. पंजाबरावांनी नाव सांगितल्यावर ती झटकन उठून आत गेली. इंद्रभान बाहेर आले. उंच, वाळका माणूस, डोक्याला फडकं बांधलेलं.

"जयभीम गुरुजी. या, बसा बाजीवर. केनवडहून आले? लय दुरून आले."

"इकडं कामानं आलो होतो," पंजाबराव खोटं बोलले. "त्या परीक्षेचे पेपर माह्याकडं होते. म्हटलं, पोरीले भेटून जावं."

अंजनानं पाण्याचा तांब्या आणला. तो तिनं त्यांच्या हातात दिला नाही, बाजेजवळ खाली ठेवला आणि मागं सरकून उभी राहिली. बाहेरून येणाऱ्याला पाणी न पिण्याची मोकळीक ठेवायची, अशी त्या घराला सवय झाली असावी. पंजाबरावांनी तांब्या उचलला आणि सगळं पाणी प्यायले. पाणी संपलं तरी तांब्या तोंडापासून काढायला त्यांना वेळ लागला.

"बरं झालं तुमीच आले," इंद्रभान म्हणाले. "आता सांगून द्या हिले, कुठी चुकलं थे. सा महिने झाले, वहीत डोकं घालून बसते. आमच्या आळीत हीच पयली मॅट्रिक. लोकं तं बोलतेच. एसटीत बसलो का कंडक्टर म्हन्ते, अनसिंगवाले काय, दम दहावर. मी म्हन्तो, म्हनू दे. पन हिच्या काळजाले लागलं."

पंजाबरावांनी खाली पाहिलं.

"चूक कबूल हाय मले, गुरुजी," अंजना म्हणाली. "पन कोन्ती ते समजलं पायजे. पयले धा बरोबर आले न? मंग शिकता तं येते मले. बाकीचे तीस काहून चुकले?"

तिनं आतून वही आणली. परीक्षेहून आल्या दिवशी तिनं चाळीसही प्रश्न आठवून वहीत उतरवले होते आणि प्रत्येकापुढं आपण दिलेलं उत्तर. पंजाबरावांनी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. दहा प्रश्न नीट, स्वच्छ. अकराव्यापासून खोडाखोड सुरू झाली होती. पैनगंगा वर्धा नदीला मिळते, हे खोडून गोदावरी केलं होतं. मग गोदावरी खोडून पूर्णा. झाडं अन्न तयार करताना कोणता वायू घेतात, तिथं कार्बन डायऑक्साइडवर काट मारून प्राणवायू लिहिला होता. एकेक बरोबर उत्तर तिनं वेगवेगळ्या शाईनं, वेगवेगळ्या दिवशी खोडलं होतं आणि त्याजागी चुकीचं बसवलं होतं, कारण तपासणाऱ्यानं चूक म्हटलं तर ते चूकच असणार.

"बाराच्या वर्गाचं तं मी खडे मांडून पाह्यलं," ती म्हणाली. "बाराच्या बारा ओळी. एकशे चव्वेचाळीसच येते. चारदा मोजलं. मंग मले वाटलं, प्रश्नच उलटा वाचला असन मी."

"अन् आधी विहारात रोज पोरायले शिकवत जाय," इंद्रभान म्हणाले. "थेबी सोडलं."

"चुकीचं सांगितलं तं, बाबा? पोरं जन्मभर तेच घोकतीन."

पंजाबराव तीस वर्षं मास्तरकी करत होते. नापास झालेली पोरं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. रडणारी, रुसणारी, शाळा सोडून ढोरांमागं जाणारी. बरोबर शिकलेलं एकेक करून विसरायला बसलेलं पोर त्यांनी पाहिलं नव्हतं. कुणी तोंडात मारली असती तर बरं, असं त्यांना त्या क्षणी मनापासून वाटलं.

त्यांनी खिशातून कागद काढला. पिशवीतून पुठ्ठा काढला. दोन्ही तिच्यापुढं बाजेवर ठेवले.

"हा तुहा पेपर. ह्या पुठ्ठ्यानं तपासला मी. ठेवून पाहाय."

तिनं स्वतःचं अक्षर ओळखलं. बारा हा आकडा पाहून तिचा चेहरा लहान झाला. मग तिनं पुठ्ठा कागदावर ठेवला, वरच्या कडा जुळवल्या, अगदी पंजाबराव जुळवत तशाच. वाकून एकेक खिडकी पाहत ती खाली आली. अकराव्याशी थांबली. पुढं पाहिलं, परत मागं आली.

अंजनानं पुठ्ठ्यावर तळहात टेकला आणि तो जरासा वर सरकवला. अकराव्या खिडकीत गोल आला. बाराव्यात, तेराव्यात, चौदाव्यात आला. पंचवीसपर्यंत येत गेले. तिनं पुन्हा थोडा सरकवला. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. मध्ये कुठं खिडकी रिकामी राहिली तर ती तिथं बोट ठेवून मनाशी मोजायची. तिसऱ्यांदा सरकवल्यावर चाळिसावी खिडकी भरली.

"सा चुकले," ती म्हणाली. "चौतीस."

"चौतीस," पंजाबराव म्हणाले.

"सरकवून नाही पाह्यला काय, गुरुजी?"

"नाही."

"काहून?"

"मी कागद पाहतच नव्हतो," पंजाबराव म्हणाले. "खिडक्या पाहत होतो."

इंद्रभानांना अक्षरओळख होती, पण हे सगळं काय चाललंय ते उमगत नव्हतं. त्यांनी मुलीकडं पाहिलं, मास्तरांकडं पाहिलं.

"म्हंजे पास हाय हे?"

"एकोणतीसवाले लागले, दादा," पंजाबराव म्हणाले. "तुमची पोरगी पास होती. अनसिंगचे बाकीचेबी कितीक पास असतीन. आता सांगता येत नाही. त्यायचे कागद रद्दीत गेले."

इंद्रभानांनी कापसाच्या ढिगाकडं पाहिलं. मग म्हणाले, "अन् थे दमाचं? थे कोन काढलं?"

हा प्रश्न पंजाबरावांनी घरून निघताना मनात घेतलाच नव्हता. कंडक्टरवर ढकलता आला असता, संस्थेच्या लोकांवरही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मीच."

इंद्रभान उठले. रिकामा तांब्या उचलून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. पंजाबरावांना वाटलं, आता आपण जावं. चारच्या गाडीला अजून पाऊण तास होता.

"लिहून द्या," अंजना म्हणाली.

"काय?"

"आता सांगितलं थेच. चूक कोनाची थे. आमी वाशीमले जाऊन दाखवतो. खाली हातानं गेलो तं कोन आयकते?"

लेखी काही देऊ नका. सचिवांचा चष्मा पंजाबरावांच्या डोळ्यापुढं आला. लेखी दिलं तर संस्था तोंडावर पडणार, लागलेल्या लोकांचा आरडाओरडा होणार, आणि सगळे मिळून ज्याच्यावर ढकलतील तो माणूस या बाजेवर बसला होता. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. पोरीनं वहीतलं एक कोरं पान फाडून त्यांच्यापुढं ठेवलं. शेजारी उघड्या पडलेल्या वहीत खोडलेली पैनगंगा दिसत होती.

त्यांनी पेन काढलं. "मी खाली सही करणार पंजाबराव, शिक्षक, केनवड, लिहून देतो की," इथपर्यंत हात नेहमीसारखा चालला. मग प्रत्येक शब्दाला थांबावं लागलं. अनसिंग केंद्राच्या अठ्ठावीस उत्तरपत्रिका मी चुकीच्या मापाच्या पुठ्ठ्यानं तपासल्या. त्यांचे गुण खरे नाहीत. चूक उमेदवारांची नाही, माझी आहे. दम दहावर ही थट्टाही माझीच असून ती खोटी आहे. खाली सही केली, तारीख घातली.

अंजनानं ते दोनदा वाचलं. नीट घडी करून वहीत ठेवलं आणि दुसरं पान फाडलं.

"आमी अठ्ठावीस जन होतो, गुरुजी."

"हे दाखवा न सगळ्यायले."

"सगळे अठी नाहीत. कोनी उमऱ्याचं, कोनी पार कारंज्याकडं गेलं कामाले. ज्याले त्याले घरात दाखवाले पायजे."

"मंग असं करू," पंजाबराव घाईनं म्हणाले. "माह्या शाळेत सायक्लोस्टाइल हाय. एकदा कापलं का पाहिजे तेवढ्या प्रती निघतात. उद्या काढतो, टपालानं धाडतो."

 अंजनानं बाजेवरच्या पुठ्ठ्याकडं पाहिलं. पंजाबरावांनीही पाहिलं.

"हातानं लिहा," ती म्हणाली. "अन् वर ज्याचं त्याचं नाव."

नावं तिला पाठ होती. एकेक सांगायची आणि पंजाबराव लिहायचे. रुपाबाई. किसनसिंग, तांड्यावरचा. भाऊसिंग, त्याचा चुलतभाऊ. दोघं एकाच सायकलवर परीक्षेला आले होते, ती म्हणाली, आणि आता एक ऊस तोडायला गेला, दुसऱ्याचं ठाऊक नाही. गोविंदा. त्याला मास्तर व्हायचं नव्हतंच, बापाच्या धाकानं बसला होता, पण त्यालाही द्या. प्रत्येक नावाबरोबर असं काहीतरी यायचं आणि पंजाबरावांचं पेन तेवढं थांबायचं. मे महिन्यात त्यांनी यांतला एकही माणूस पाहिला नव्हता. हे सगळे तेव्हा पुठ्ठ्याखाली होते.

मध्येच इंद्रभान बाहेर आले. तांब्या भरून आणला होता. तो त्यांनी खाली न ठेवता पंजाबरावांच्या हातात दिला आणि कापसाजवळ जाऊन पत्ती वेचायला बसले. रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

"चारची हाय," त्यांनी मान वर न करता सांगितलं. "हिच्या मागून मुक्कामाचीच."

"जाऊ द्या," पंजाबराव म्हणाले.

गाडी गेली. लिहिता लिहिता त्यांची बोटं ताठली, मनगटात कळ निघाली. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिणारा हात; बाजेवर वाकून, गुडघ्यावर वही घेऊन लिहायची त्याला सवय राहिली नव्हती. एक कागद संपवून त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पंजा उघडझाप करत, हात झटकत बसले.

अंजनानं लिहिलेले कागद उचलले आणि मोजले.

"धा झाले, गुरुजी," ती म्हणाली.

ती हसत नव्हती. मोजून आले तेवढे तिनं सांगितले. कापसापाशी इंद्रभानांचा हात तेवढा थांबला.

पंजाबरावांनी पेन उचललं. अकरावा कागद तिनं आधीच त्यांच्यापुढं सरकवून ठेवला होता.

"नाव सांग," ते म्हणाले.